कमानीपासून कॉइलओव्हरपर्यंत

चाकाच्या शोधाची थोरवी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु चाक आणि त्यावर बसणारा मनुष्य ह्यांच्यामध्यें जें कांहीं असतें, त्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. रस्ता आरशासारखा सपाट असता, तर ह्या मधल्या वस्तूची गरजच पडली नसती. पण रस्ता कोठेंही सर्वस्वीं सपाट नसतो, आणि चाकाला बसलेला धक्का बसणार्‍याच्या मणक्यापर्यंत पोंचावयाचा कीं वाटेंतच जिरावयाचा, हें ती मधली वस्तु ठरविते. कधीं ती चामड्याचा पट्टा होती, कधीं पोलादी पाट्यांची कमान झाली, आणि आज ती तेलानें भरलेल्या नळीभोंवतीं वेटोळें घालून बसलेली स्प्रिंग आहे. ह्या घराण्याचा अगदीं अलीकडचा वंशज म्हणजे ‘कॉइलओव्हर’. रोज कामावर जाण्यायेण्याच्या मोटारीचा कारखान्यांतून आलेला सरंजाम काढून त्या जागीं हा नवा सरंजाम बसविण्याची हौस आज अनेक देशांत दिसून येते. ही हौस कितपत सार्थ आहे, हें ठरवावयाचें तर ही वस्तु कोणत्या प्रश्नाचें उत्तर म्हणून जन्मास आली, तें पाहणें अवश्य आहे.

प्रश्न एक नसून दोन आहेत, आणि पुष्कळशा घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे. पहिला प्रश्न बसणार्‍याच्या सुखाचा. दुसरा, चाक जमिनीला धरून राहण्याचा. बैलगाडीच्या वेगाला दुसरा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाहीं. लोखंडी धांव चढविलेलें लांकडी चाक दगडावर चढतें, खालीं उतरतें, गाडीवानाच्या हाडांना हिसका बसतो, इतकेंच. पण तासाला साठ-सत्तर किलोमीटर वेगानें जाणारें चाक उंचवट्यावरून उडालें, तर तेवढ्या क्षणापुरता त्याचा ब्रेक व्यर्थ आणि त्याचें वळणेंही व्यर्थ. ज्या चाकाखालीं जमीन नाहीं, तें असून नसल्यासारखें. तेव्हां धक्का जिरविणें ही निव्वळ चैनीची बाब नव्हे. ती जिवाचीही बाब आहे.

युरोपांत सतराव्या शतकांत श्रीमंतांच्या गाड्या चार खांबांना बांधलेल्या चामडी पट्ट्यांवर टांगलेल्या असत. धक्का कमी होई खरा, पण गाडी होडीसारखी हेलकावे खाई. त्याच शतकांत इंग्लंडांत रॉबर्ट हूक ह्या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला: स्प्रिंग जितकी ताणावी अथवा दाबावी, तितक्या प्रमाणांत तिचा प्रतिकार वाढतो. पुढील साडेतीनशें वर्षांचें सारें गणित ह्या एका नियमावर उभें आहे. १८०४ च्या सुमारास ओबाडाया एलियट ह्या इंग्रज कारागिरानें पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकृति कमानी आंसावर बसवून गाडीचा सांगाडा थेट त्यांवर ठेवण्याची पद्धति रूढ केली. गाडी हलकी झाली आणि जमिनीजवळ आली. १८१६ पासून ब्रिस्टलच्या रस्त्यांची व्यवस्था पाहणार्‍या जॉन मॅकॅडम ह्यांनीं खडीचे रस्ते बांधण्याची सुधारलेली रीत प्रचारांत आणली. कमान सुधारली आणि रस्ताही सुधारला. घोड्याच्या वेगाला दोन्ही पुरेसे होते.

पाट्यांच्या कमानीचा एक गुण त्या काळीं फारसा कोणी विचारांत घेतला नव्हता. तिचे पाटे एकमेकांवर घांसतात, आणि त्या घर्षणांत धक्क्याची कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें नाहींशी होते. स्प्रिंगचा स्वभाव असा कीं ती घेतलेलें सारें परत करते; खालीं दाबली कीं वर उसळते, वर उसळली कीं पुन्हां खालीं येते. हे झोके कोणी तरी मारावे लागतात. गाडीवाल्याच्या नकळत तें काम पाट्यांचें घर्षण करीत असे. पण तें मोठें बेभरंवशाचें होतें. वंगण घातलें तर कमी होई, गंज चढला तर पाटे जखडून बसत. १९०८ सालीं हेन्री फोर्ड ह्यांची मॉडेल टी मोटार निघाली, तिच्या पुढें एक व मागें एक अशा दोन आडव्या कमानी होत्या. झोके मारण्याचें निराळें साधन तिला दिलेलें नव्हतें. वेग वाढला तसें हें उणें उघडें पडलें.

तें भरून काढण्याचा मार्ग फ्रान्समध्यें ज्यूल त्रुफो ह्यानें दाखविला व अमेरिकेंत एडवर्ड हार्टफर्ड ह्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो धंद्याच्या रूपास आणला. दोन दांडे, त्यांच्या सांध्यांत एकमेकींवर दाबलेल्या चकत्या, आणि मधोमध एक नट. नट आवळला कीं घर्षण वाढे, सैल केला कीं घटे. मालकाच्या हातीं पाना देऊन ‘तुझ्या गाडीचा स्वभाव तूंच ठरव’ असें सांगणारें हें बहुधा पहिलें लोकप्रिय साधन. ह्याला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषणारा, असें नांव मिळालें तें मात्र चुकीचें. धक्का शोषते स्प्रिंग. हें साधन स्प्रिंगचा झोका मारतें. नांवाच्या ह्या चुकीमुळें आजही पुष्कळांची अशी समजूत असते कीं शॉक-अ‍ॅब्सॉर्बर ताठ केला म्हणजे धक्का कमी बसेल. वस्तुस्थिति बहुधा उलट असते.

चकत्यांच्या घर्षणांत एक मूळचा दोष होता. घर्षण स्थिर असतांना सर्वांत जास्त असतें. म्हणून बारीक खडीवर गाडी ताठ राही आणि मोठ्या खड्ड्यांत हवा तितका प्रतिकार मिळत नसे. तेलाची गोष्ट निराळी. बारीक छिद्रांतून तेल सावकाश ढकललें तर तें सहज जातें, जोरानें ढकललें तर अडतें. हालचालीचा वेग वाढेल तसा प्रतिकार वाढावा, ही गरज तेल आपोआप पुरवितें. फ्रेंच शोधक मोरिस ऊदाय ह्याच्या नांवाचे असे तेलाचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर १९२७ च्या अखेरीस निघालेल्या फोर्डच्या मॉडेल ए ह्या मोटारीला कारखान्यांतूनच लावलेले होते. ज्या फोर्डनें मॉडेल टी ह्या साधनावांचून विकली, त्यानेंच आतां तें सामान्य माणसाच्या गाडींत घातलें.

ह्यापूर्वीच, १९२२ सालीं, इटलींत व्हिन्चेंझो लान्चा ह्यांच्या लॅम्ब्डा मोटारीनें दोन धागे एकत्र गुंफले होते. तिच्या पुढील प्रत्येक चाकाला स्वतंत्र उभा खांब होता, आणि त्याच खांबाच्या पोटांत वेटोळ्याची स्प्रिंग व तेलाचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर अशी जोडी बसविली होती. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्यें पाट्यांसारखें घर्षण जवळजवळ नसतें. ती अत्यंत प्रामाणिक, आणि म्हणूनच एकटी सोडल्यास अत्यंत चंचल. तिला तेलाची सोबत अपरिहार्य. दोघांना एका घरांत नांदविण्याची ही कल्पना म्हणजेच कॉइलओव्हरचें बीज होय.

स्प्रिंग किती मऊ असावी, ह्याचें शास्त्र मात्र अजून तयार व्हावयाचें होतें. तें काम अमेरिकेंत मोरिस ऑली ह्यांनीं केलें. रोल्स-रॉइसची नोकरी सोडून ते १९३० सालीं कॅडिलॅक कंपनींत आले. त्यांनीं एका मोटारीवर इकडून तिकडे हलवितां येतील अशीं वजनें बसविलीं आणि स्प्रिंगांचा ताठपणा बदलून बदलून ती चालविली. सुखाचें मोजमाप करणारें यंत्र तेव्हां नव्हतें. आंत बसणार्‍यांनाच विचारावें लागे. उंचवटा पुढील चाकांना आधीं लागतो आणि मागील चाकांना क्षणभर मागाहून. पुढील स्प्रिंगा मागच्यांहून थोड्या मऊ ठेवल्या, तर मागची बाजू पुढच्या बाजूला लौकरच गांठते व गाडी डोलण्याऐवजीं सपाट वर-खालीं होऊन स्थिरावते, असें त्यांना आढळून आलें. तोंवर बहुतेक मोटारींत पुढील कमानीच अधिक ताठ असत. एकसंध आंस ठेवून पुढील कमानी मऊ केल्या तर चाकें थरथरत. म्हणून प्रत्येक पुढील चाक स्वतंत्र करणें भाग पडलें, आणि १९३४ च्या कॅडिलॅक मोटारींत तें प्रत्यक्ष आलें.

ह्या संशोधनाचें सार एका सोप्या हिशोबांत सांगतां येतें. गाडीच्या वजनानें स्प्रिंग जितकी दबते, त्यावरून गाडीचा स्वाभाविक झोका ठरतो. चाकाच्या ठिकाणीं २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग मिनिटाला सुमारें ६० झोके देते; ११ सेंटिमीटर दबणारी सुमारें ९०; आणि ६ सेंटिमीटर दबणारी सुमारें १२०. झोके दुप्पट करावयाचे तर स्प्रिंग चौपट ताठ करावी लागते. रोजच्या वापराच्या मोटारी बहुधा मिनिटाला ६० ते ९० झोक्यांच्या मर्यादेंत ठेवतात. हा मनुष्याच्या चालण्याचा ताल; जन्मभर पायीं चालणार्‍या देहाला तो परका वाटत नाहीं. उलट, सेकंदाला चार ते आठ कंपनें उभ्या दिशेनें बसूं लागलीं कीं मनुष्यदेह तीं सर्वांत कमी सहन करूं शकतो. ह्या दोन तालांमधील अंतर हीच रोजच्या गाडीच्या मालकाची खरी दौलत, आणि अविचारानें केलेला फेरफार पहिल्यानें तीच उधळतो.

लान्चाच्या बीजाला साध्या व स्वस्त वृक्षाचें रूप दिलें तें अर्ल मॅकफर्सन ह्यांनीं. दुसर्‍या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्यें एका लहान मोटारीची योजना त्यांच्याकडे होती. ती योजना सोडून देण्यांत आली आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेले. १९५० च्या लंडन येथील प्रदर्शनांत मांडलेल्या फोर्ड कॉन्सल मोटारीनें त्यांची मांडणी सर्वतोमुखीं केली. तींत वरचा दांडा मुळींच नाहीं. तेलाची नळी हाच चाकाचा खांब, तिच्याभोंवतीं स्प्रिंग, आणि वरचें टोक सरळ गाडीच्या सांगाड्याला बांधलेलें. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी.

ह्यानंतरची प्रगति नळीच्या अंतरंगांत झाली. खडबडीत रस्त्यावर एकसारखें हिंदकळलेलें तेल फेंसाळतें, आणि फेंसाला प्रतिकार करतां येत नाहीं. १९५३ सालीं फ्रान्समधील क्रिस्तियां द कार्बों ह्यांनीं नळींत दाबाखालीं वायु कोंडून तेलाला फेंस येऊं न देण्याची युक्ति काढली, आणि जर्मनींतील बिल्स्टाइन कंपनीनें १९५७ सालीं तसे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर मर्सिडीज-बेंझच्या मोटारींसाठीं तयार केले. हॉलंडच्या कोनी कंपनीनें बाहेरून ताठपणा बदलतां येईल असे तेलाचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर प्रसिद्धीस आणले. इंग्लंडांत कॉलिन चॅपमन ह्यांनीं १९५७ च्या आपल्या शर्यतीच्या लोटस मोटारीच्या मागील चाकांनाही नळी-स्प्रिंगची जोडी लावली. शर्यतीच्या मैदानावर प्रत्येक वळण निराळें, प्रत्येक दिवस निराळा. म्हणून नळीच्या अंगावर आटे पाडून, स्प्रिंगखालचें कडें फिरवून गाडीची उंची बदलण्याची सोय तेथें फार उपयोगी पडली. पुढें ही सोय सामान्य मोटारींच्या मापांतही विकली जाऊं लागली. हार्टफर्डचा पाना मालकाच्या हातीं परत आला, तो अधिक सामर्थ्य घेऊन.

येथें चॅपमन ह्यांच्याच दुसर्‍या कृतीची आठवण बोधप्रद आहे. १९६२ सालीं निघालेली लोटस इलान ही रस्त्यावर चालवावयाची मोटार वळणांवरील चपळाईसाठीं नांवाजली गेली. पण तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या, आणि चपळाई आली होती ती हलक्या वजनांतून व नेमक्या जुळविलेल्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरांतून. ताठ म्हणजे चांगली, हें समीकरण शर्यतीच्या जगानेंसुद्धां सरसकट मानलेलें नाहीं.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही हा इतिहास टप्प्याटप्प्यानें उतरला. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून फियाट ११०० मोटारी निघाल्या व त्यांनाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. पुढें वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागें पाट्यांच्या कमानी, अशा तिच्या अंगीं दोन युगें एकत्र नांदत होतीं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें पिढ्या वाहिल्या; शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली. १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० नें पुढील चाकांना मॅकफर्सन ह्यांची मांडणी घरोघर पोंचविली, आणि आज भारतांतील बहुतेक लहान मोटारी त्याच कुळांतल्या आहेत. त्यामुळें कॉइलओव्हर बसवावयाचा म्हणजे बहुधा मॅकफर्सनचा खांब काढून त्याच जागीं आट्यांचा खांब उभा करावयाचा, असा अर्थ होतो.

हें काम दिसावयास सोपें, पण शिस्तीचें आहे. प्रथम मूळची उंची, म्हणजे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचें अंतर, चारही ठिकाणीं मोजून लिहून ठेवावें लागतें. जी गोष्ट मोजलेली नाहीं, तिच्याकडे परत येतां येत नाहीं. गाडी जॅकनें उचलल्यावर ती जॅकच्या भरंवशावर न ठेवतां भक्कम टेकूंवर ठेवणें हा दुसरा नियम. मग चाक काढून, ब्रेकची नळी आणि चाकाच्या वेगाची तार खांबापासून सोडवून, गाडीचें कलणें रोखणार्‍या आडव्या दांड्याचा सांधा मोकळा करतात. त्यानंतर खालचे बोल्ट व शेवटीं बॉनेटखालचे वरचे नट. ह्या नटांच्या मधोमध असलेला मोठा नट मात्र स्प्रिंग साधनानें आवळून धरल्याखेरीज कधींही सोडावयाचा नसतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्यें गाडीचें ओझें पेलणारी शक्ति कोंडलेली असते. ती अकस्मात् मोकळी झाली तर माणसाचा जीव घेऊं शकते.

नवा खांब चढवितांना पुष्कळांच्या हातून एक बारीक गोष्ट सुटते. दांड्यांच्या सांध्यांत रबर असतें. चाक हवेंत लोंबत असतांनाच तेथील बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर येतांच तें रबर पिळवटतें व पुढें लौकर फाटतें. म्हणून असे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावर, टॉर्क दाखविणार्‍या पान्यानें, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या जोरानेंच आवळावयाचे असतात.

उंची बदलण्याच्या दोन तर्‍हा आहेत. एकींत स्प्रिंगखालचें कडें आट्यांवरून वर-खालीं सरकतें. दुसरींत सबंध नळीच खालच्या पायांत आट्यांनीं आंत-बाहेर होते. पहिल्या तर्‍हेंत गाडी उतरविली कीं नळीच्या दट्ट्याला खालीं जावयास उरलेली जागा कमी होते. दुसरींत ती बव्हंशीं कायम राहते. कडें वर चढविलें म्हणजे स्प्रिंग ताठ होते, ही समजूतही खरी नव्हे. साध्या स्प्रिंगेवर गाडीचें ओझें पूर्ण आलें कीं हूकच्या नियमाप्रमाणें तिचा ताठपणा होता तेवढाच राहतो. बदलते ती फक्त गाडीची उंची. ताठपणा बदलावयाचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

गाडी किती उतरवावी, ह्या प्रश्नांत सारा मोह सांठविलेला आहे. उतरविलेली गाडी डोळ्यांना देखणी दिसते, तिचा गुरुत्वमध्य खालीं येतो, आणि म्हणून ती वळणावर कमी कलेल असें वाटतें. परंतु मॅकफर्सनच्या मांडणींत खालचा दांडा आडवा किंवा किंचित् उतरता असावयास हवा. गाडी फार उतरविली कीं तो चाकाकडे वर चढूं लागतो, आणि गाडी ज्या कल्पित बिंदूभोंवतीं कलते, तो बिंदु गुरुत्वमध्याहूनही अधिक खालीं घसरतो. दोहोंतील अंतर वाढतें, आणि गाडी कमी कलण्याऐवजीं जास्त कलूं पाहते. मग तें झांकण्यासाठीं आणखी ताठ स्प्रिंगा आल्याच. शिवाय नळीच्या टोकाशीं शेवटचा आधार म्हणून रबराचा ठोकळा असतो. फार उतरविलेली गाडी लहानशा खड्ड्यांतही त्या ठोकळ्यावर आपटते. त्या क्षणीं स्प्रिंग संपलेली असते व चाक उडावयास मोकळें होतें. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असते, आणि प्रत्यक्षांतले सर्वच गतिरोधक तो नियम पाळतात असें नाहीं. अशा रस्त्यांवर रोज हिंडणार्‍या गाडीला दोन-अडीच सेंटिमीटर उतरणें पुष्कळ झालें. अति तेथें माती, हें येथें अक्षरशः खरें ठरतें; कारण मातीला लागतो तो गाडीचा तळच.

उंची बदलली कीं चाकांचे कोनही बदलतात. चाक वरच्या बाजूनें आंत झुकतें, आणि समोरून त्यांचीं तोंडें एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून फिरतात. टायर आंतल्या कडेनें झिजूं लागतात, आणि वरून ते शाबूत दिसत असल्यानें मालकाला तें उशिरां कळतें. म्हणून पहिले कांहीं शें किलोमीटर गाडी चालवून स्प्रिंगा बसूं द्याव्या, उंची पुन्हां मोजावी, कडीं पक्कीं करावीं, आणि मगच अलाइनमेंट करून घ्यावी, हा योग्य क्रम. पुढच्या दिव्यांचा झोतही त्याच वेळीं जुळवून घ्यावा लागतो. नाहीं तर समोरून येणार्‍याच्या डोळ्यांवर तरी तो पडतो, किंवा आपल्याच पायांशीं तरी.

चार कोपर्‍यांच्या उंचीचा आणखी एक परिणाम नजरेस दिसत नाहीं. चार पायांच्या चौरंगाचा एक पाय किंचित् लांब झाला तर भार तिरप्या जोडीवर जातो, तसेंच गाडीचें होतें. एकच कडें जास्त फिरविलें तर गाडी सपाट दिसूनही समोरासमोरच्या दोन चाकांवर अधिक भार येतो, आणि जोरानें ब्रेक दाबला कीं ती एका बाजूला ओढूं पाहते. शर्यतवाले चार चाकांखालीं चार वजनकांटे ठेवून, चालकाच्या जागीं त्याच्या वजनाचा भार घालून हा तोल साधतात. रोजच्या गाडीला एवढा खटाटोप नेहमींच लागत नाहीं. पण डाव्या-उजव्या बाजूंचीं कडीं मोजून सारखीं ठेवणें, इतकें पथ्य कोणासही पाळतां येण्याजोगें आहे.

आतां उरला तेलाचा ताठपणा. नळीच्या टोकाशीं असलेली फिरकी ‘टिक्’ असा आवाज करीत टप्प्याटप्प्यानें फिरते. साध्या प्रकारांत ती बहुधा उसळी, म्हणजे स्प्रिंग पुन्हां लांबण्याची क्रिया, अडविते. उंची प्रकारांत दाब आणि उसळी ह्यांच्या फिरक्या वेगळ्या असतात. फिरकी पूर्ण आवळून तेथून उलट टप्पे मोजावे, दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्या, एका वेळीं एकच बदल करावा, आणि ठराविक ओळखीच्या रस्त्यावरच तो पाहावा: ऑली ह्यांच्या प्रयोगाची हीच शिस्त होती. उसळी फार कमी अडविली तर गाडी एका उंचवट्यानंतर दोन-तीन वेळां झुलते. फार अडविली तर त्याहून वाईट. एका खड्ड्यांतून स्प्रिंग पुरती वर येण्यापूर्वींच दुसरा खड्डा येतो, आणि गाडी पायरी-पायरीनें खालीं बसत जाऊन शेवटीं ठोकळ्यावर टेकते. अशा वेळीं चालकाला वाटतें कीं स्प्रिंग मऊ पडली. वस्तुतः तेलानें तिचा गळा आवळलेला असतो. एक उंचवटा, एक झोका, आणि लगेच शांतता, ही चांगल्या जुळणीची खूण.

बसविल्यानंतरही हा सरंजाम लक्ष मागतो. आटे उघड्यावर असतात. थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ आणि कोंकणासारख्या किनार्‍यावर खारा वारा व पावसाळी चिखल त्यांत शिरतो. वर्षभर न हलविलेलें कडें गंजून नळीशीं एकजीव होतें, आणि मग ज्या सोयीसाठीं एवढा खर्च केला तीच नाहींशी होते. अधूनमधून आटे धुवून पुसणें ह्यापलीकडे त्याला मोठा उपाय नाहीं.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाहीं. जर्मनींत असा बदल अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंदविण्याची पद्धति आहे. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्यांतील मूळ कारखानदाराच्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फरक मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत दिलेल्या निर्णयांत हा अर्थ ठामपणें मांडला. म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करणें शहाणपणाचें. रस्त्यावर गाडी एकट्या मालकाची नसते. तिचा ब्रेक वेळेवर लागावा, ह्यांत समोरून रस्ता ओलांडणार्‍या मुलाचाही वांटा असतो.

गाडीची कमान एके काळीं गांवच्या लोहाराच्या हातांत होती. त्यानें पाटा वाढविला कीं ती ताठ होई. पुढें तो अधिकार कारखान्याच्या यंत्रज्ञाकडे गेला, आणि त्यानें अनेक वर्षें प्रयोग करून चालणार्‍या माणसाचा ताल गाडींत आणला. कॉइलओव्हरनें तो अधिकार मालकाच्या हवालीं केला आहे. ज्याला आपल्या नेहमींच्या रस्त्याची, नेहमींच्या भाराची आणि घरच्या वडीलधार्‍यांच्या पाठीची ओळख आहे, तो त्या अधिकाराचा उत्तम उपयोग करूं शकतो. कारण कारखान्यानें ती गाडी हजारों अनोळखी माणसांसाठीं जुळविलेली असते. पण हूकपासून ऑलीपर्यंत सर्वांनीं दिलेला निर्वाळा त्यानें विसरूं नये. जागा पुरेल तितकी मऊ स्प्रिंग, झोका मरेल तितकेंच तेल, आणि चाक सदैव जमिनीवर. एवढें साधलें तर कड्यावरचा एकेक आटा सत्कारणीं लागला म्हणावयाचा.